बिनफोडणीच्या शेवया

नायगाव,
६ जानेवारी २०२५

विनयाताई, नमस्कार.

पत्र पाहून दचकू नका, घरी सगळे ठीक आहेत. फोन केला असता, पण आमच्या या टॉवरमधल्या घरात कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून बोललं तरी संपदाला ऐकू जातं, आणि मला बोलायचंय ते तुमच्या लेकीबद्दलच. उत्तर आमच्या नावावर पाठवू नका. तळमजल्यावर प्रिस्का राहते, तिचा पत्ता खाली दिलाय. ती मला वर आणून देईल.

दिवाळीपासून तुमच्या मुलीने या घरात स्वतःचं वेगळं पातेलं मांडलंय. कसल्या त्या काचेच्या शेवया आणते. कोरड्या असताना प्लास्टिकच्या दोऱ्यासारख्या दिसतात, आणि गरम पाण्यात टाकल्या की आरपार दिसायला लागतात. आमचे हे पाकीट वाचून म्हणाले, "अगं, मुगाचंच सत्त्व आहे." असेल. पण मुगाची म्हणून काही चव असते की नाही?

एक दिवस त्यांचं सॅलड. काकडी, गाजर, पुदिना, वर लिंबू, मीठ, चिमूटभर साखर. त्यात दाणे घालते, तेसुद्धा उकडून. भाजलेले चालत नाहीत. दुसऱ्या दिवशी सूप. म्हणजे पाण्यात कोबी, दुधी, आल्याचा तुकडा आणि त्याच शेवया. कांदा नाही, लसूण नाही, तेलाचा थेंब नाही. आमच्याकडे तापातल्या माणसालासुद्धा याहून बरी पेज देतात.

आणि मी केलेलं ताटात घेतच नाही. परवा चिंबोऱ्यांचं कालवण केलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा ते खाऊन बोटं चाटत होती. आता म्हणाली, "हो आई, नंतर घेते," आणि ते नंतर काही आलंच नाही. मी फोडणी घातली की ती खोलीचं दार लावून घेते. रोज. मी काही म्हटलं की "हो आई", नाही म्हटलं तरी "हो आई". भांडली असती तर भांडता तरी आलं असतं.

सहा वर्षं माझ्या हातचं जेवली ती. वालीवच्या मसाल्याच्या कारखान्यात प्रत्येक घाणा हुंगून, चाखून पास करायचं काम आहे तिचं. तिथून घरी येऊन माझ्या आमटीत काय कमी, काय जास्त ते अचूक सांगायची, आणि मला त्याचा अभिमान होता. आता तिला माझ्या स्वयंपाकाची किळस येते की तिला वेगळं राहायचंय? तुम्ही आई आहात. तिच्या पोटातलं तुम्हीच काढून घ्या आणि मला कळवा.

तुमची,
आनंदी

* * *

देवरुख,
१५ जानेवारी

आदरणीय आनंदीताई,

तुमचं पत्र मिळालं. वाचून जिवाला लागलं. संपदाच्या वतीने मी तुमची क्षमा मागते.

पण खरं सांगू, ती लहानपणापासूनच हलकं खाणारी. आमच्याकडे असताना पेज आणि उकडलेला कणंगाचा कंद एवढ्यावर राहायची. आणि हल्लीच्या मुलींचं तुम्हाला माहीत आहेच, वजनाचं वगैरे काही डोक्यात घेतलं असेल. वेगळं राहायचं तर तिच्या मनातसुद्धा नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगते.

एक विनंती करू का? रागावू नका. थोडे दिवस फोडणी घालताना तेवढी खिडकी उघडी ठेवाल का? आणि तिला ते सूप-सॅलड करू द्या. मी तिला फोनवर विचारलं, फार सोपं आहे म्हणाली. शेवया चुलीवर ठेवायच्याच नाहीत, नुसतं गरम पाणी ओतून झाकायचं, मऊ झाल्या की निथळून गार पाण्याखाली धरायच्या आणि कात्रीने कापायच्या. तुम्हीही एकदा करून पाहा. तिला बरं वाटेल.

जावईबापू जितेशरावांना आशीर्वाद. तुमच्या यजमानांना नमस्कार.

तुमची,
विनया

* * *

नायगाव,
२९ जानेवारी

विनयाताई,

हलकं खाणारी? केळवणाच्या वेळी देवरुखला तुमच्याच पडवीत बसून तिने कोंबडी-वडे किती खाल्ले ते मी या डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हीच वाढत होतात. आणि खिडकी उघडी ठेवायची म्हणता, तर आमच्या खिडकीतून खाडीचा चिखल आणि डास दोन्ही आत येतात. तरी ठेवली.

ते असो. रविवारी आमच्याकडे हळदीकुंकू होतं. मजल्यावरच्या बायका आल्या होत्या. मी कांदाभजी तळत होते. पहिला घाणा पडला आणि संपदा हातातलं तबक ठेवून तोंडाला पदर लावून बाल्कनीत पळाली. बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. एकजण माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "काकू, पेढे कधी?"

माझ्या डोक्यात तोवर ते आलंच नव्हतं. आणि मग सगळं जुळलं. वास सहन होत नाही, खाणं नको, गार आणि आंबट तेवढं हवं. विनयाताई, मी त्या रात्री झोपले नाही. इतके दिवस मी या पोरीवर धुसफुसत होते, आणि ती बिचारी लाजत असणार. मी दुसऱ्या दिवशी तिच्या डब्यात आवळा सुपारी घातली, तिला वाकू दिलं नाही, आणि तिच्यासाठी त्या शेवयांचं सूप मी स्वतः केलं. तुम्ही सांगितलंत तसंच. फक्त शेवटी राहवलं नाही म्हणून तुपावर चार पाकळ्या लसूण परतून वरून घातली. ती एक चमचा तोंडात घेऊन उठली. न्हाणीघरात पाण्याचा नळ बराच वेळ चालू होता.

मला वाटलं, चिन्हं पक्की आहेत. ती अजून सांगत नाही, म्हणजे तीन महिने पुरे व्हायची वाट बघत असेल. पण तुम्हाला तर माहीत असेलच. मला एका ओळीत कळवा. मी कुणाला बोलणार नाही.

आनंदी

* * *

देवरुख,
६ फेब्रुवारी

आनंदीताई,

तसं काही नाही. कृपा करून तिला त्याबद्दल विचारू नका, आणि शेजारी कुणाला काही बोलला असाल तर तेही थांबवा. तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस काय लिहावं या विचारात होते. खोटी आशा तुम्हाला लावायची नाही म्हणून एवढं स्पष्ट लिहिलं.

काहीतरी आहे. पण ते मी सांगू शकत नाही. तिने मला शपथ घातली आहे. तुमच्यावर राग नाही, तुमच्याबद्दल तक्रार नाही, घर सोडायचं नाही, एवढं नक्की. तुम्ही तिला लसूण घालू नका. कांदाही नको. याहून जास्त मला लिहिता येत नाही, आणि न लिहिता इथे बसवतही नाही.

विनया

* * *

नायगाव,
२४ फेब्रुवारी

विनयाताई,

तुमचं मागचं पत्र आल्यापासून मी उत्तर दिलं नव्हतं, कारण जे लिहिलं असतं ते परत घेता आलं नसतं. आज लिहिते, आणि परत घ्यायची माझी इच्छा नाही.

काल दुपारी मी खाली प्रिस्काकडे सुकेळी द्यायला गेले होते. वाडीतल्या केळ्यांची आमच्या ह्यांनी वाळवलेली. हे वाडीवरच होते आणि जितेश आंघोळीला गेला होता. मी वर आले, दार उघडलं आणि गॅसचा भपकारा नाकात गेला. स्वयंपाकघरात संपदा ओट्याशी उभी राहून शांतपणे काकडी चिरत होती. तिचं सूप उतू जाऊन शेगडी विझली होती आणि बटण तसंच चालू. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं, उकळी का थांबली म्हणून. मग सुरी ठेवली आणि लायटर उचलला.

मी तिचा हात धरला. कसा धरला ते मला आठवत नाही, आज तिच्या मनगटावर माझी बोटं उमटलेली आहेत. लायटर मी बाहेर पॅसेजमध्ये फेकला, बटण बंद केलं, सगळ्या खिडक्या उघडल्या. मी ओरडले, "तुला वास येत नाही का?"

ती म्हणाली, "नाही येत."

मी रागाने विचारलं होतं, विनयाताई. उत्तर मागितलंच नव्हतं.

मग तिने जमिनीवर बसून सगळं सांगितलं. गणपतीत तिला ताप आला होता तो तुम्हाला आठवत असेल. ताप गेला तेव्हा वासही गेला. सर्दीमुळे असेल म्हणून तिने कुणाला सांगितलं नाही. दिवाळीच्या सुमाराला वास परत यायला लागला, तो चुकीचा. कांदा, लसूण, भाजलेलं, तळलेलं, चहा-कॉफी, सगळ्याला एकच वास, सडलेला. बाकी कशाचाच येत नाही, गॅसचासुद्धा नाही. त्या शेवयांना स्वतःचा ना वास ना चव, म्हणून त्या तेवढ्या घशाखाली उतरतात. गार काकडी दाताखाली कुरकुरते, लिंबाचा आंबटपणा जिभेला कळतो, तेवढंच जेवल्यासारखं वाटतं म्हणाली. आणि मसाल्याच्या कारखान्यात हीच पोर रोज घाणे पास करते आहे. तिच्या हाताखालची राधिका हुंगते आणि हिच्या कानात सांगते, आणि सही हिची. नोकरी जाईल म्हणून तिथे गप्प. ते मी समजू शकते.

"पण मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं. ती म्हणाली, "आई, तुमच्या फोडणीचा वास मला गटारासारखा येतो. हे मी तुम्हाला कसं सांगायचं होतं?"

जितेश ओल्या केसांनी दारात उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं आणि मला कळलं की त्याला माहीत होतं. डॉक्टरकडे तोच घेऊन गेला होता. तुम्हाला माहीत होतं. त्या राधिकेलासुद्धा माहीत होतं. अडाणी कोण, तर मी आणि आमचे हे. मी लसूण परतून घालते, आवळा सुपारी देते, बाळाची स्वप्नं बघते, आणि तुम्ही मला लिहिता, खिडकी उघडी ठेवा.

शपथेचं मला सांगू नका. काल ती ठिणगी पडली असती तर तुम्ही ती शपथ कुणाला सांगत बसला असतात?

आनंदी

* * *

देवरुख,
३ मार्च

आनंदीताई,

ठिणगीचं वाचल्यापासून मलाही झोप नाही. संपदाने फोनवर गॅसचं सांगितलंच नव्हतं. म्हणजे ती माझ्यापासूनही लपवते, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. तुम्ही तिचा हात धरलात. त्याबद्दल मी जन्मभर तुमची ऋणी आहे, आणि चुकले हेही मान्य करते.

पण आता थोडं मलाही बोलू द्या. मुलीची आई म्हणून मी आजवर सगळं ऐकून घेतलं. दर आठवड्याला ती मला कारखान्यातून निघाली की रस्त्यात उभी राहून फोन करायची आणि रडायची. मी म्हणायचे, आनंदीताईंना सांग. तर म्हणायची, "आईंच्या हातची चव मला आठवते गं. पण ताट पुढे आलं की उठून पळावंसं वाटतं. त्यांचं सगळं त्या स्वयंपाकात आहे. तो मला घाण लागतो असं मी त्यांच्या तोंडावर सांगू?" मी इथे बसून काय करणार होते? आणि तुम्हीही तिला समोर बसवून एकदा विचारलं नाहीत. वेगळं राहायचंय, किळस येते, दिवस गेलेत, हे सगळं तुमचं तुम्हीच ठरवलंत.

ह्यांनी रत्नागिरीहून त्या शेवयांचं पाकीट आणलं. मला बघायचं होतं की माझी मुलगी कशावर जगते आहे. तुम्हाला मी मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, चुलीवर ठेवू नका म्हणून, आणि स्वतः मात्र नेहमीच्या शेवयांसारख्या उकळवल्या. साडीला घालायची खळ झाली. ती टाकून दुसऱ्यांदा केल्या, नीट झाल्या. काकडी-लिंबू घालून खाल्ल्या. ताई, तोंडात काहीच लागत नाही हो. मी वाटीभर संपवल्या आणि मागीलदारी जाऊन बसले.

एक मागते. तिला महिनाभर माझ्याकडे पाठवा. इथे तिच्यामुळे कुणाची फोडणी अडणार नाही, आणि तुमचं घरही मोकळं होईल.

विनया

* * *

नायगाव,
१५ एप्रिल

विनयाताई,

तुमच्या पत्राला उत्तर द्यायला दीड महिना लावला. राग होता. "तुमचं घर मोकळं होईल" हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं. मग एकदा ह्यांना वाचून दाखवलं, तर हे म्हणाले, "बाकीचं पत्र खोटं आहे का?" नाही. मी तिला समोर बसवून विचारलं नव्हतं. ते तुमचं बरोबर आहे. पुढचं लिहिते.

तिला तुमच्याकडे पाठवण्याबद्दल मी तिला विचारलं. या वेळी समोर बसवून. ती म्हणाली, "तिकडे आई माझ्याकडे बघून रडेल, मला ते नको." मी फक्त सांगते आहे, वाईट वाटून घेऊ नका.

ते गॅसचं झालं त्याच आठवड्यात ती कारखान्यात गेली आणि मालकांना सगळं सांगून आली. जितेश नको म्हणत होता. तिने ऐकलं नाही. कामावरून काढलं नाही, पण हुंगायच्या खोलीतून काढलं. आता माल गाडीत भरून जातो, तिथे उभी राहून पोती तपासते. तिच्या जागी राधिकाला बसवलंय. हिनेच शिकवलेली मुलगी. राधिका पहिल्या दिवशी हिच्यापाशी येऊन रडली म्हणे, आणि हीच तिची समजूत घालून आली. घरी आल्यावर मात्र चप्पल अशी काढली की एक कपाटाखाली गेली.

डॉक्टर म्हणतात, वास परत येईल, सहा महिन्यांत येईल, दोन वर्षांत येईल, कदाचित पूर्वीसारखा येणारही नाही. असलं सांगायला डॉक्टर कशाला हवा. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबू, निलगिरी आणि गुलाब असे चार वास शांतपणे घ्यायला सांगितलेत, नाकाला शिकवायला. ती घेते. डोळे मिटून बसते आणि मी समोर उभी असते.

स्वयंपाकाचं म्हणाल तर मी फोडणी आता सकाळी घालते, ती कामाला निघून गेल्यावर. संध्याकाळी गॅसवर फक्त भात आणि तिचं सूप. हे कुरकुरत नाहीत, जितेश कुरकुरतो. त्या शेवया मला अजून जमत नाहीत. कधी आतून कडक राहतात, कधी सगळ्या मिळून एक गोळा होतो. सॅलडमध्ये काय घालू काय नको, सगळं विचारून घालावं लागतं. चाळीस वर्षं या हाताने कुणाला न विचारता मीठ टाकलं, आणि आता काकडीसाठी परवानगी घेते. चीड येते, विनयाताई. कुणाची येते ते कळत नाही, म्हणून जास्त येते.

आता रविवारचं सांगते, त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं.

प्रिस्काने सकाळी तिच्या अंगणातला मोगरा दिला होता, ओंजळभर. वास घरभर दरवळत होता. मला वाटलं, लवंग-निलगिरीचं सोडा, हा तरी येईल. संपदा ओट्याशी शेवयांवर गरम पाणी ओतत होती. मी मागून जाऊन ओंजळ तिच्या नाकाशी धरली आणि विचारलं, "आला का?"

तिने भांडं ओट्यावर आदळलं. पाणी उडालं. "आई, पुरे करा," ती म्हणाली. "लिंबू धरता, कापूर धरता, काल उशीच्या खोळीत ओवा ठेवलात. आला की मी सांगेन ना. तुम्ही रोज विचारता आणि मी रोज नापास होते."

आवाज चांगलाच मोठा होता. ह्यांनी पेपर खाली केला. जितेश खोलीतून बाहेर आला आणि परत आत गेला. मी ते मोगरे तसेच घेऊन बाल्कनीत गेले. मलाही राग आला. मी काय वाईट करत होते? खाली खाडीकडे बघत उभी राहिले, आणि ती क्षमा मागायला येईल म्हणून थांबले. "चुकले आई" असं म्हणायची तिला सवय आहे.

आली नाही. मीच आत गेले. ती जेवायच्या टेबलाशी बसली होती, तोंड फुगवून. शेवया त्या गरम पाण्यात तशाच विसरल्या होत्या आणि त्यांचा पार गोळा झाला होता. मी तो चाळणीत काढला, कात्रीने कसाबसा तोडला, लिंबू पिळलं, दोन वाट्या भरल्या आणि एक तिच्यापुढे सरकवली. ती म्हणाली, "हे असलं कोण खाणार?" मी म्हटलं, "तू आणि मी." खाल्लं आम्ही. वाईट झालं होतं, मला कळलं आणि तिलाही कळलं.

मी आता विचारत नाही. जीभ चावून उभी राहते, पण विचारत नाही. वास अजून आलेला नाही.

मे महिन्यात तुम्हीच इकडे या, चांगल्या महिनाभर राहा. रडू आवरून या, एवढंच. आणि एक विचारते, खरं सांगा. रविवारी तिचा तुम्हाला रडत फोन आला होता का? नसणार. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला माझा राग आला तो तिने मलाच सांगितला.

आनंदी